सभा तहकूब, गोंधळ कायम

सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस हातात पडली की तिच्या तळाशी एक ओळ हमखास सापडते. ठरल्या वेळी गणसंख्या पूर्ण झाली नाही तर सभा तहकूब होईल, तीच सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि मग तिला गणसंख्येची अट राहणार नाही. सभासद येणार नाहीत, हे नोटीस छापतानाच बोलावणाऱ्याला ठाऊक असते आणि त्याची सोयही तो करून ठेवतो. सभासदालाही ते ठाऊक असते, म्हणून तो वेळेवर येतो, पण समोरच्या टपरीवर, आणि तहकुबीची वाट पाहत दुसरा चहा सांगतो. ग्रामसभेचे फार वेगळे नाही. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे लोक हवेत. नाही जमले तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. सभेतल्या वाईट वागणुकीचा इतिहास लिहू जाणारे सहसा आरडाओरडा, धक्काबुक्की आणि उडणाऱ्या खुर्च्या यांच्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते ती सुरुवात या ओळीपासून करायला हवी. खुर्ची हवेत जाते ती फार उशिरा. त्याआधी बरेच काही शांतपणे आणि नियमाला धरून घडून गेलेले असते.

पालघर तालुक्यातल्या मुरब्यासारख्या गावाला हा विषय लावून पाहिला की तो नीट उलगडतो. खाडीच्या एका अंगाला मुरबे, दुसऱ्या अंगाला सातपाटी. उत्तरेला तारापूरची अणुवीज, आत बोईसरची औद्योगिक वसाहत. किनाऱ्यावरची वस्ती मांगेल्यांची, पोट समुद्रावर, आणि मान पापलेटचा. याच पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राने राज्यमासा ठरवले. अशा गावातली सभा म्हटली की शहरी माणूस आधीच कानांत बोटे घालतो. किनाऱ्यावरचे लोक, वाऱ्यावर बोलायची सवय, आवाज मोठाच असणार, असे त्याचे शास्त्र. पण हीच माणसे बोटीवर कशी वागतात ते पाहावे. तिथे तांडेलाचा शब्द शेवटचा. जाळे कधी टाकायचे, कधी ओढायचे, वारा फिरला तर कुठे वळायचे यावर खलाशी मतदान मागत नाहीत आणि हरकतीचा मुद्दाही उपस्थित करत नाहीत. दिवसचे दिवस समुद्रात शिस्तीने राहणारा माणूस समाजमंदिराच्या पायऱ्या चढताच बेशिस्त होत असेल, तर दोष वाऱ्याचा नाही, स्वभावाचाही फारसा नाही. बोटीवर निर्णयाचा परिणाम त्याच रात्री जाळ्यात दिसतो. सभेत निर्णय आधी झालेला असतो आणि माणसाला नुसते टाळ्यांसाठी बोलावलेले असते. सभेतला गोंधळ बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टीतून जन्मतो. मात्र, पुढे दिसेल की, तो गोंधळ करणाऱ्याच्या फारसा उपयोगी पडत नाही.

जुन्या काळी लोक सभेत कसे गुण्यागोविंदाने बसत, असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांचा आधार म्हणजे मराठेशाहीतली गोतसभा. वतनाचा, सीमेचा, पाटीलकीचा तंटा उभा राहिला की गोत जमे आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. आरंभी हाजिर मजलिस, म्हणजे कोण कोण बसले होते त्यांची नावे. शेवटी साक्षी. आणि त्या साक्षी मोठ्या पाहण्यासारख्या. वतनदाराने, बलुतेदाराने आपल्या धंद्याचे हत्यार कागदावर काढायचे. पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, सुताराचे किकरे, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. हरलेल्या पक्षाकडून यजितखत घेत, म्हणजे आपण खोटे ठरलो हे त्यानेच लिहून द्यायचे. त्याला गुन्हेगारी भरावी लागे आणि जिंकणाऱ्याला हरकी. न्याय फुकट कोणालाच मिळत नसे. इथे तंटेखोर कमी होते असे समजू नये. निकाल लागत नसेल तर उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याच्या दिव्यापर्यंत गोष्ट जाई, ती काही गोडीगुलाबीची खूण नव्हे. फरक एवढाच, की जो बसला त्याचे नाव कागदावर आणि ज्याने कौल दिला त्याची खूण कागदावर. आपले हत्यार कागदावर उमटणार म्हटल्यावर ते हातात घेऊन उठण्याची गरज कमी होते.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. हे दाखले घाटावरचे आहेत. तारापूर-माहीमचा किनारा दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे होता. चिमाजी आप्पांनी तारापूरचा किल्ला घेतला तो १७३९ साली. शिवाय गोतसभेतली शांतता सगळ्यांची नव्हती. महाराची खूण महजरावर असे, पण तो बसे कुठे हे सांगायला नको. बायकांना तर सभेचे बोलावणेच नसे. ज्यांनी बोलायचे नाही त्यांना बाहेर ठेवले की सभा शांत दिसते. आजही अनेक ‘एकमताने मंजूर’ ठरावांचे रहस्य हेच आहे. म्हणून गोतसभेचे गोडवे मी गाणार नाही. तिच्यातली एकच गोष्ट घेण्यासारखी आहे: आलेल्या माणसाची नोंद होत असे आणि ती नोंद पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या उपयोगी पडे.

आता मराठी माणसाच्या सभेतल्या वागणुकीचा सगळ्यांत गाजलेला प्रसंग घेऊ. तो घडला पालघर-बोईसरवरून जाणाऱ्या लोहमार्गावरच, थोडा पुढे, सुरतेला. १९०७ ची राष्ट्रीय सभा, म्हणजे काँग्रेस, आधी नागपुरात भरायची होती; तिथे स्वागत समितीतच एवढी बेबंदशाही माजली की अधिवेशन सुरतेला हलवले. सभेची तयारी करणाऱ्या सभेत दंगा झाला म्हणून सभा हलवावी लागते, हा मान आपलाच. २६ डिसेंबरला अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोष यांच्या नावाला अनुमोदन द्यायला सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहिले आणि आरडाओरड्यात बैठक थांबवावी लागली. २७ तारखेला कामकाज पुन्हा सुरू होण्यापूर्वी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांच्याकडे एक चिठ्ठी पाठवली: अनुमोदनानंतर मला तहकुबीची सूचना मांडायची आहे. उत्तर आले नाही. त्यांनी आठवण दिली, तरी उत्तर नाही. मग टिळक स्वतः मंचावर गेले, त्यांना नियमबाह्य ठरवण्यात आले आणि ते हाताची घडी घालून तिथेच उभे राहिले. एवढ्यात मंडपातून एक लालसर चामड्याचा, टोकदार मराठी जोडा आला, सुरेंद्रनाथांच्या गालाला लागला आणि फिरोजशहा मेहतांवर आदळला. नंतर काठ्या, खुर्च्या, पोलीस. इंग्रज वार्ताहर हेन्री नेव्हिन्सन हजर होते, म्हणून जोड्याचे इतके बारीक वर्णन आपल्याला मिळते. तो जोडा नेमस्तांवर फेकला होता की टिळकांवर, याबद्दल दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीचे सांगितले.

जोड्याची गोष्ट सगळे सांगतात. चिठ्ठीची गोष्ट फार थोडे सांगतात. सुरतेची फूट विचारांची होती, चिठ्ठीला उत्तर दिले असते तर जहाल-मवाळ गळ्यात गळे घालून परतले असते असे कोणी म्हणणार नाही. बहिष्कार आणि स्वराज्य यांवरचे मतभेद खरे होते. पण मतभेद वर्षानुवर्षे होते, आणि जोडा मात्र उत्तर न मिळालेल्या चिठ्ठीनंतरच्या त्या काही मिनिटांत आला. सभेत तहकुबी मागणे ही जगभरच्या सभाशास्त्रात सभ्य गोष्ट मानली जाते. ती मागायची वाट बंद केली की माणूस दुसरी वाट शोधतो, आणि दुसऱ्या वाटेवर सभ्यता सहसा भेटत नाही. काकासाहेब गाडगीळांनी मराठीत ‘सभाशास्त्र’ लिहून ठेवले आहे. आपल्याकडे सभा चालवणाऱ्यांची संख्या पाहता त्याच्या आवृत्त्या दरवर्षी निघायला हव्या होत्या.

हा नियम प्रत्येक ठिकाणी लागू पडतो असा माझा दावा नाही. १८९१ मध्ये संमतिवयाच्या विधेयकाच्या बाजूने पुण्यात भरलेली सुधारकांची सभा उधळली गेली, तेव्हा उधळणाऱ्यांना बोलू दिले नव्हते असे म्हणता येत नाही. त्यांच्याकडे वर्तमानपत्रे होती, व्यासपीठे होती, शहराचा बहुमताचा कल होता. तिथे गोंधळ हे बलवानाचे हत्यार होते. उलट २० नोव्हेंबर १९५५ ला चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली, तेव्हा मंचावरून ऐकवले जात होते की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. ज्यांचे भवितव्य ठरत होते ते वाळूत बसले होते आणि ठरवणारे माइकसमोर उभे होते. दगड आणि चपला निषेधार्हच, पण पुणे आणि चौपाटी एका मापाने मोजणे हा इतिहासाशी आळस आहे. गोंधळ कोण करतो आहे यापेक्षा निर्णय कोणाच्या हातात आहे हे आधी विचारावे. ज्याच्या हातात निर्णय आहे तोच आरडाओरडा करत असेल तर ती दांडगाई. ज्याच्या हातात काहीच नाही तो करत असेल तर तीही वाईट वागणूकच, पण तिचे मूळ मंचावर सापडते.

आणि मंचाच्या वागणुकीबद्दल आपण फार कमी बोलतो, कारण ती हारतुऱ्यांनी झाकलेली असते. १० वाजताची सभा पाहुणे येईपर्यंत थांबवायची. पाहुणे आले की दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, शाल, श्रीफळ, ज्यांचा सत्कार करायचा त्यांचा सत्कार आणि ज्यांचा राहिला त्यांची नाराजी. मागील सभेचे इतिवृत्त ‘वाचले असे समजून’ कायम करायचे. ताळेबंद छापील अहवालात आहे, सर्वांनी पाहिलाच असेल, अशी खात्री बाळगायची. अहवाल मात्र दारात वाटायचा. अडचणीचा विषय शेवटून दुसरा ठेवायचा, आणि त्याची पाळी येईतो जेवणाचा वास मंडपात सोडायचा. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’. ज्या संस्थेला खरोखर काही महत्त्वाचे करायचे असते, ती ते बऱ्याचदा आयत्या वेळी करते. समोरून कोणी उठून प्रश्न विचारला तर ‘लेखी द्या’, लेखी आधीच दिला असेल तर ‘विषयपत्रिकेवर नाही’. एवढे झाल्यावर मागच्या रांगेतून ‘नामंजूर’ ऐकू येते आणि पुढच्या रांगेतून त्याहून मोठ्याने ‘मंजूर, मंजूर’. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी ‘सभेत गोंधळ’ अशी येते. सत्काराचा पाऊण तास बातमीत नसतो.

साखर कारखाने, दूध संघ, नागरी बँका यांच्या सभांत हे नाट्य सप्टेंबर महिन्यात महाराष्ट्रभर रंगते, कारण सहकार कायद्याने वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. कोल्हापूरच्या गोकुळ दूध संघाची २०१८ ची सभा बहुराज्य नोंदणीच्या विषयावर अशी पेटली की ती काही मिनिटांतच गुंडाळली गेली. प्राथमिक शिक्षकांच्या बँकांच्या सभांचे तर विचारू नये. वर्गात ‘हात वर करून बोला’ शिकवणारे गुरुजन तिथे एकमेकांच्या हातातला माइक ओढतात. मच्छीमार संस्थांना तर दिनदर्शिकाच आडवी येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, माणूस गावात असतो, जाळी विणत बसलेला असतो, सभेला हवा तेवढा वेळ असतो. पण हिशेब तपासून अहवाल छापून होईतो नारळी पौर्णिमा उलटते, बोटी सुटतात, आणि ज्याच्या डिझेलचा, बर्फाचा आणि मासळीच्या भावाचा निर्णय व्हायचा तो खलाशी समुद्रात असतो. तहकुबीची ती छापील ओळ कोणासाठी आहे, हे आता वेगळे सांगायला नको.

कोणी म्हणेल, हे सगळे खरे धरले तरी काही माणसे मुळातच सभा बिघडवायला येतात, त्यांचे काय? येतात. ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणून वीस मिनिटे घेणारा आहे. मागच्या सभेत निकालात निघालेला विषय या सभेत पहिल्यापासून सुरू करणारा आहे. ज्याचे भावकीतले भांडण गटाराच्या ठरावाच्या आडून बाहेर पडते तो आहे. फोन वाजला की तिथेच उभा राहून ‘मी सभेत आहे’ असे साऱ्या सभेला ऐकवणारा आहे. आणि सकाळपासूनच ‘घेऊन’ आलेला तर प्रत्येक गावाला एकेक नेमून दिलेला असतो. ही मंडळी सगळ्या काळांत, सगळ्या देशांत असतात आणि कोणत्याही कायद्याने संपत नाहीत. पण चांगल्या चाललेल्या सभेत हेच लोक करमणूक ठरतात. शेजारचा त्यांना सदरा धरून खाली बसवतो. निर्णय आधीच शिजलेला असतो त्या सभेत शेजारचा त्यांना खाली बसवत नाही, उलट ‘बोल तू’ म्हणतो. सभा बिघडवणारा एकटा नसतो. त्याला गप्प न करणारे शंभर असतात, आणि त्या शंभरांचे का बिघडले हा खरा प्रश्न आहे. समुद्रातल्या कवींच्या वादाकडे पाहावे. डोल जाळी लावण्याच्या या जागा वसई-उत्तनच्या बाजूने सरकत सातपाटी, मुरबे, डहाणूच्या मच्छीमारांच्या टापूत आल्या, या तक्रारीवर कित्येक वर्षे बैठका होत आल्या. दोन्हीकडची माणसे तीच. बैठक तापते ती, आधीच्या बैठकीत ठरलेले समुद्रात पाळले गेले नाही हे कळते तेव्हा.

मुरब्याचे नाव अलीकडे ज्या सभेमुळे गाजले ती मात्र ग्रामसभाही नव्हे आणि वार्षिक सभाही नव्हे. ती जनसुनावणी. वाढवण बंदराची जनसुनावणी पालघरला १९ जानेवारी २०२४ रोजी झाली, आणि मुरबे बंदराच्या प्रस्तावावरची २०२५ मध्ये, तीही जिल्ह्याच्या ठिकाणी. जनसुनावणीचे नियम केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत आहेत आणि सभाशास्त्राच्या दृष्टीने ते वाचण्यासारखे आहेत. किमान ३० दिवस आधी जाहीर सूचना. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला वरिष्ठ अधिकारी, सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी. साऱ्या कामकाजाचे चित्रीकरण. आणि गणपूर्तीची अट मुळातच नाही. म्हणजे इथे तहकुबीची वाट पाहत चहा घेण्याचीही सोय नाही. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ही सभा निर्णय घेत नाही. ती फक्त ऐकते आणि ऐकलेले वर पाठवते. हजारो माणसे भाड्याच्या टेम्पोंनी येतात, उन्हात तिष्ठतात, बोटींचे, जाळ्यांचे, पिलावळीच्या जागांचे तपशील मांडतात, आणि हात वर करून मोजणी कधीच होत नाही. अशा सभेत कोणी ओरडले तर ते वाईट वागणूक म्हणून नोंदवता येईल. पण आपल्या ओरडण्याला मत म्हणून किंमत नाही, हे ओरडणाऱ्याला कळलेले असते, आणि म्हणूनच तो ओरडत असतो.

इथपर्यंतचा युक्तिवाद गोंधळ करणाऱ्याच्या बाजूचा वाटेल, म्हणून उलट बाजूही सांगायला हवी. गोंधळ मंचाला हवा असतो. शांत सभेत प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. गोंधळात देता येत नाही, आणि मग इतिवृत्तात लिहिता येते की सविस्तर चर्चेअंती विषय मंजूर. गोकुळसारखी सभा काही मिनिटांत गुंडाळता येते ती गोंधळामुळेच. शिवाय मोठ्या आवाजाच्या सभेत लहान आवाज बुडतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असे कायदा सांगतो, याचे कारण हेच. बोईसरच्या बाजारात पापलेटचा भाव एका वाक्यात तोडणारी बाई, गिऱ्हाईकाने घासाघीस केली तर पाटीवर पाणी शिंपडत त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही. तीच बाई ग्रामसभेत मागे भिंतीला टेकून बसते, कारण पुढे पाच पुरुष एकदम बोलत असतात. त्या पाचांना वाटते आपण गावाचा आवाज झालो. प्रत्यक्षात अर्ध्या गावाचा आवाज त्यांनीच झाकलेला असतो. महजरावर बाईची खूण नव्हती ती बोलावणे नव्हते म्हणून. आजच्या नोंदवहीत तिची सही असते आणि म्हणणे नसते.

तेव्हा मुरब्यात काय, सातपाटीत काय, सभा संपली की लगेच घरी जाऊ नका. खुर्च्या आवरणाऱ्यांत थांबा आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याशेजारी बसा. आपला विरोध किंवा दुरुस्ती कोणत्या शब्दांत लिहिली हे वाचून घ्या, आपले नाव घालायला लावा, नकलेसाठी अर्ज द्या आणि अर्जावर पोच घ्या. जनसुनावणीत तर कामकाजाचा गोषवारा त्याच दिवशी, स्थानिक भाषेत, सर्वांसमोर वाचून दाखवला पाहिजे असे अधिसूचनाच सांगते. तो वाचला जाईपर्यंत मंडप सोडू नका, आणि वाचणाऱ्याने घाई केली तर त्याला पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सांगा.